हृदयाच्या धडधडीचा उगम

साताऱ्यांतील एखाद्या भरल्या घरीं संक्रांतीचें हळदीकुंकू चाललें आहे, अशी वाचकांनीं कल्पना करावी. धाकटी सूनबाई तबक उचलण्याकरितां वांकते आणि एकाएकीं तिच्या छातींत कोणी ढोल बडवावा तसे ठोके सुरू होतात. तोंड पांढरें पडतें, गळ्याशीं कांहींतरी फडफडतें. तबक खालीं ठेवून ती भिंतीशीं टेकून बसते. कोणी पाणी आणतें, कोणी कांदा फोडून नाकाशीं धरतें. वीस मिनिटांनीं, जशी आली तशीच एकाएकीं, ती धडधड थांबते. डॉक्टर येतात तोंवर नाडी ऐंशीवर आलेली असते. दुसऱ्या दिवशीं काढलेला ई. सी. जी. निर्दोष निघतो. मग घरांत निर्णय होतो कीं, "हिचा स्वभावच मुळीं घाबरा." सासूबाई म्हणतात, "आमच्या वेळीं असलें कांहीं नव्हतें हो!" आणि हळूहळू सूनबाईसही तेंच खरें वाटूं लागतें.

हा प्रसंग कल्पित आहे. परंतु असलें घर आमच्या वाचकांस अगदींच अपरिचित असेल असें आम्हांस वाटत नाहीं. अमेरिकेंत सन १९९७ मध्यें एक पाहणी प्रसिद्ध झाली. हृदयाच्या अशाच एकाएकीं येणाऱ्या धडधडीचा विकार ज्यांस निश्चित होता, अशा १०७ रोग्यांची ती पाहणी होती. त्यांपैकीं सुमारें दोन-तृतीयांश रोग्यांचीं लक्षणें भयविकाराच्या व्याख्येंत तंतोतंत बसत होतीं, आणि निम्म्याहून अधिकांचा खरा रोग पहिल्या तपासणींत ओळखलाच गेला नव्हता! रोग हृदयांत आणि ठपका मनावर, असा हा प्रकार आहे. आणि ह्या विकाराचा जो प्रकार सर्वांत अधिक आढळतो, तो पुरुषांपेक्षां स्त्रियांत सुमारें दुपटीनें दिसतो, हें लक्षांत घेतलें म्हणजे हा ठपका घरांत कोणाच्या वांट्यास येत असेल हें निराळें सांगावयास नको.

आम्हांस आज वाचकांस सांगावयाचें तें इतकेंच कीं, ही धडधड खरी असते, तिला हृदयांत एक निश्चित जागा असते, आणि ती जागा नेमकी सांपडली तर हा विकार बहुधा कायमचा जातो. ती जागा कशी शोधतात, आणि त्या शोधांत घरच्या माणसांचा वांटा कोणता, हें आतां क्रमानें पाहूं.

हृदयांतील चौक्या

हृदयाचे चार कप्पे असतात, दोन वरचे व दोन खालचे. उजव्या वरच्या कप्प्याच्या माथ्याशीं पेशींचा एक लहानसा पुंजका आहे. दर मिनिटास साठ ते शंभर वेळां तेथून विजेची एक सूक्ष्म लहर उठते आणि तिच्या आज्ञेनें सारें हृदय आकुंचन पावतें. हें हृदयाचें मूळ ठाणें होय. आर्थर कीथ व मार्टिन फ्लॅक ह्या दोघांनीं तें सन १९०७ मध्यें शोधून काढलें. त्याच्या आदल्याच वर्षीं सुनाओ तवारा ह्या जपानी शास्त्रज्ञानें वरच्या व खालच्या कप्प्यांच्या मधली चौकी दाखविली होती. वरून आलेली लहर ह्या चौकींत क्षणभर थांबते आणि मग खालच्या कप्प्यांत उतरते. निरोगी हृदयांत वरून खालीं उतरण्यास एवढी एकच वाट असते.

ह्या व्यवस्थेंत बिघाड होतो तो मुख्यतः दोन तऱ्हांनीं. एक तर कोठेंतरी भलत्याच ठिकाणीं एखादा ठिपका बंडखोरी करून आपल्याच आज्ञा सोडूं लागतो. नाहीं तर लहरीला परत वर चढण्यास एखादी जादा वाट सांपडते, आणि ती एका वाटेनें खालीं व दुसरीनें वर अशी सारखी गरगर फिरत राहते. असल्या फेऱ्यांत हृदयाचे ठोके मिनिटास दीडशें ते सव्वादोनशेंपर्यंत जातात. कांहीं जणांत ही जादा वाट मधल्या चौकीच्या पोटांतच असते. कांहीं जणांत ती चौकी सोडून दूर, वरच्या व खालच्या कप्प्यांस जोडणाऱ्या एखाद्या जन्मजात तंतूच्या रूपानें असते. वुल्फ, पार्किन्सन व व्हाइट ह्या तीन डॉक्टरांनीं सन १९३० मध्यें अशा अकरा तरुण रोग्यांचें वर्णन केलें. तेव्हांपासून ह्या तंतूच्या विकारास त्यांचींच नांवें चिकटलीं आहेत.

पूर सांगलीस, पाणी कोठलें?

कृष्णाकांठच्या वाचकांस पुढील गोष्ट समजावून देणें सोपें आहे. सन २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांत सांगलीकर मंडळी आयर्विन पुलापाशीं पाणी किती फूट झालें हें तासातासाला विचारीत होतीं. सन २०१९ च्या ऑगस्टांत तें ५७ फुटांवर गेलें. पुलावर उभें राहिलें म्हणजे पूर किती आहे हें कळतें. परंतु तें पाणी कोठून आलें हें कळत नाहीं. महाबळेश्वराहून वाईवरून आलेल्या कृष्णेचें तें पाणी कीं माहुलीस मिळालेल्या वेण्णेचें? कऱ्हाडास प्रीतिसंगमावर येऊन मिळालेल्या कोयनेनें जोर केला, कीं सांगलीच्या खालच्या अंगास हरिपुरापाशीं मिळणारी वारणा कृष्णेस पुढें सरकूं देत नाहीं? ह्याचें उत्तर एकट्या पुलावर मिळत नाहीं. वाई, कऱ्हाड, भिलवडी, सांगली येथें पाणी कोणत्या वेळीं चढूं लागलें हें शेजारीं शेजारीं मांडावें लागतें. जेथें तें सर्वांत आधीं चढलें, त्या दिशेस मूळ शोधावयाचें.

ई. सी. जी. हा हृदयाचा आयर्विन पूल आहे. हॉलंडांतील विलेम आइंटहोवेन ह्यांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं हृदयाची वीज कागदावर उतरविण्याचें यंत्र सिद्ध केलें, आणि त्याबद्दल त्यांस सन १९२४ चें नोबेल पारितोषिक मिळालें. छातीवर व हातापायांवर तारा लावून हा आलेख हृदयाकडे बारा बाजूंनीं पाहतो. धडधड चालू असतांना तो काढला गेला, तर ती वरच्या कप्प्यांतली कीं खालच्या, उजवीकडली कीं डावीकडली, एवढी दिशा कुशल डॉक्टर त्यावरून बहुधा सांगूं शकतो. पण दिशा म्हणजे जागा नव्हे. जागा कांहीं मिलिमीटरांच्या आंत सांपडावयास पाहिजे, आणि त्यासाठीं नदींत उतरावें लागतें.

नळीची वाट

हृदयांत नळी घालावी हा विचार प्रथम वेडेपणाचा ठरला होता. सन १९२९ मध्यें वेर्नर फोर्समान ह्या पंचवीस वर्षांच्या जर्मन डॉक्टरानें स्वतःच्या दंडांतील शिरेंतून एक नळी आपल्याच हृदयापर्यंत सरकविली आणि चालत जाऊन क्ष-किरणांचें छायाचित्र काढविलें. कौतुकाऐवजीं त्याच्या वांट्यास उपहासच आला. पण पुढें सन १९५६ च्या नोबेल पारितोषिकांत तो वांटेकरी झाला. सन १९६७ च्या सुमारास हॉलंडांत डुरेर व त्यांचे सहकारी ह्यांनीं नळीच्या टोंकांतून नेमलेल्या वेळीं सूक्ष्म झटके देऊन ही धडधड हवी तेव्हां सुरू करतां येते व थांबवितांही येते, असें दाखविलें. सन १९६९ मध्यें शर्लाग ह्यांनीं मधल्या चौकीच्या खालील तंतूंचा सूक्ष्म आवाज नळीनें टिपण्याची रीत घालून दिली. येथून हृदयाचा नकाशा काढण्याचें शास्त्र उभें राहिलें.

त्या काळीं जागा सांपडली तरी इलाज म्हणजे छाती उघडण्याचा. सन १९६८ मध्यें अमेरिकेंतील ड्यूक विद्यापीठांत डॉ. सीली ह्यांनीं एका कोळ्याच्या हृदयाच्या पृष्ठभागावर जागोजाग लहरीच्या वेळा मोजून तो जादा तंतू हुडकला व शस्त्रानें तोडला. पुढें सन १९८१ मध्यें सॅन फ्रान्सिस्को येथील डॉ. शाइनमन ह्यांनीं छाती न उघडतां नळीवाटे विजेचा धक्का देऊन मधली चौकी बंद केली. हा उपाय कठोर होता. त्यानंतर रोग्यास कृत्रिम गतिनियामकावर, म्हणजे पेसमेकरवर, राहावें लागे. थोड्याच वर्षांत धक्क्याच्या जागीं रेडिओ लहरींची सौम्य उष्णता आली, आणि सन १९९१ मध्यें डॉ. जॅकमन व त्यांचे सहकारी ह्यांनीं १६६ रोग्यांपैकीं १६४ जणांचा जादा तंतू नळीनेंच निकामी केल्याचें प्रसिद्ध केलें. जन्मभर गोळ्या घेणें किंवा छाती उघडणें ह्या दोन मार्गांच्या मध्यें हा तिसरा मार्ग खुला झाला. मुंबईपुण्याच्या मोठ्या रुग्णालयांत हें काम आतां नेहमींचें झालें असून, मुंबईचे डॉ. यश लोखंडवाला ह्यांचें नांव ह्या विद्येंत देशभर परिचित आहे.

शोध चालतो कसा?

रोग्यास मेजावर निजवून जांघेची जागा बधिर करतात आणि तेथील शिरेंतून दोनतीन बारीक नळ्या हृदयांत नेतात. प्रत्येक नळीच्या टोंकाशीं धातूचीं सूक्ष्म कडीं असतात. तीं म्हणजे निरनिराळ्या घाटांवर बसविलेल्या पाण्याच्या खुणा. मग मुद्दाम झटके देऊन धडधड सुरू करतात. रोग्यास ती आपल्या नेहमींच्या धडधडीसारखीच वाटते; आणि वर्षानुवर्षें "मनाचे खेळ" म्हणून जिची बोळवण झाली, ती आतां पडद्यावर सर्वांस दिसत असते.

बंडखोर ठिपका असेल तर रीत पुराच्या पाण्याचीच. नळीचें टोंक जागोजाग फिरवून लहर कोठें किती आधीं पोंचली हें सेकंदाच्या हजाराव्या भागांत मोजतात. जेथें ती सर्वांत आधीं उमटली तेथें उगम. सन १९९७ च्या सुमारास प्रचारांत आलेल्या यंत्रांत चुंबकीय क्षेत्राच्या साहाय्यानें नळीच्या टोंकाचें ठिकाण समजतें, व संगणक कप्प्याचा रंगीत नकाशा काढतो. सर्वांत आधीं चेतलेला भाग तांबडा आणि सर्वांत शेवटचा जांभळा, अशी त्यांत सामान्यतः योजना असते.

फिरत्या लहरीची गोष्ट मात्र निराळी. तेलाच्या घाण्याचा बैल फिरत असतांना त्याच्या वाटेचा आरंभ कोणता? जेथें आपण उभे राहूं तेथें तो आतांच आलेला आणि आतांच निघालेला. येथें "सर्वांत आधीं" ह्या शब्दांस अर्थच उरत नाहीं. म्हणून डॉक्टर निराळी युक्ति करतात. एखाद्या जागेवरून ते लहरीस किंचित् अधिक वेगानें हांकतात आणि मग हात आवरतात. त्यानंतर लहर त्याच जागीं परत यावयास नेमका एका फेऱ्याचा वेळ लागला, तर ती जागा वाटेवरच आहे. अधिक वेळ लागला तर आपण वाटेपासून दूर आहों. अशा रीतीनें वाट निश्चित झाली म्हणजे तींतील अगदीं अरुंद जागा हेरतात. बैलाची वाट भिंत आणि खांब ह्यांच्या मधून जात असेल, तर तेथें एक वासा आडवा घातला कीं पुरे. सारा घाणा मोडण्याचें कारण नाहीं.

जागा ठरल्यावर राहतें तें काम थोडें. त्या ठिकाणीं नळीचें टोंक टेकवून सुमारें एक मिनिट साठ अंशांच्या आसपास उष्णता देतात. कांहीं मिलिमीटरांचा डाग पडतो आणि वाट बंद होते. आमच्या आयुर्वेदांत अग्निकर्म आहे आणि खेड्यापाड्यांतून डाग देण्याची चाल होती. पण तो डाग अंदाजानें दिला जाई, हा मोजून दिला जातो. डाग चुकीच्या जागीं कितीही दिले तरी व्यर्थ. नेमक्या जागीं एकही पुरा होतो. म्हणून ह्या चिकित्सेचा नऊ-दशांश भाग शोधांत आहे असें म्हटलें तर तें फारसें चुकणार नाहीं. अलीकडे उष्णतेऐवजीं अत्यंत अल्पकाळ टिकणारे विजेचे स्पंद वापरण्याची रीत निघाली असून, वरच्या कप्प्यांच्या अनियमित थरथरीकरितां अमेरिकेंत तिला सन २०२३ च्या डिसेंबरांत परवानगी मिळाली.

गुण आणि धोके

चौकींतील जादा वाटेच्या नेहमींच्या विकारांत शंभरांतील पंचाण्णवांहून अधिक रोगी ह्या उपायानें बरे होतात. तरीही धोका मुळींच नाहीं असें आम्ही म्हणणार नाहीं. जादा वाट मुख्य चौकीच्या अगदीं शेजारीं असल्यामुळें, शंभरांत एखाद्याच्या अथवा त्याहूनही कमी जणांच्या बाबतींत चौकीसच इजा होऊन पेसमेकर बसवावा लागतो. जांघेंत रक्त सांकळणें, क्वचित् हृदयाच्या भोंवतीं रक्तस्राव होणें, हेंही घडूं शकतें. हा आंकडा आपल्या डॉक्टरांस स्पष्ट विचारावा. विचारण्यांत अविश्वास नाहीं.

वृद्धांत आढळणारी वरच्या कप्प्यांची अनियमित थरथर हा प्रकार अधिक बिकट होय. फ्रान्सांतील बोर्दो येथील डॉ. हैसाग्वेर ह्यांनीं सन १९९८ मध्यें ४५ रोग्यांत असे ६९ उगम शोधले आणि त्यांपैकीं ६५ फुप्फुसांकडून येणाऱ्या शिरांच्या मुखांशीं सांपडले. तेव्हांपासून ह्याही विकारावर नळीचा उपाय होऊं लागला. पण येथें गुण तितका खात्रीचा नाहीं आणि पुष्कळांस तो पुन्हां करावा लागतो. ह्या विकारांत मुख्य भीति असते ती रक्ताची गांठ मेंदूंत जाऊन पक्षाघात होण्याची. तेव्हां मामंजींची नाडी कांहीं तालच नसल्यासारखी लागत असेल, तर "वय झालें" म्हणून स्वस्थ बसूं नये.

तसेंच प्रत्येक धडधडीस नळी लागते असेंही नाहीं. पांडुरोग, कंठग्रंथीचा विकार, ताप, अति चहा, जागरण ह्यांनींही छाती धडधडते. एखादा ठोका चुकल्यासारखा वाटणें निरोगी माणसांतही घडतें. आधीं हीं कारणें दूर करावीं. आणि मन खरोखरच पीडित असेल, तर तोही आजारच आहे. त्याचीही हेटाळणी होतां कामा नये.

घरच्या मंडळींचें कर्तव्य

आतां घरच्या माणसांनीं करावयाच्या गोष्टी. पहिली ही कीं, धडधड सुरू झाली म्हणजे घड्याळ पुढें घेऊन नाडी मोजावी आणि लिहून ठेवावी. एकाएकीं आली कीं हळूहळू वाढली? तालांत आहे कीं बेताल? किती वेळ राहिली, थांबली कशी? ह्या चार ओळी डॉक्टरांस एखाद्या महागड्या तपासणीइतक्या उपयोगीं पडतात.

दुसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट, धडधड चालू असतांनाच ई. सी. जी. काढवावा. तो काढण्यास पुण्यामुंबईस धांवण्याचें कारण नाहीं. ज्या मुलखांत सन १८९४ पासून मिरजेस वानलेस रुग्णालय उभें आहे आणि सन १९६२ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय चालू आहे, तेथें सांगलीकरांस ही सोय दुर्लभ नाहीं. साताऱ्यास आणि कऱ्हाडासही ती आहे. थांबलेल्या पुराचें पाणी मोजतां येत नाहीं. म्हणून "जरा बरें वाटूं दे, मग जाऊं" असें म्हणूं नये. मिळालेला तो कागद लग्नपत्रिकेप्रमाणें जपून ठेवावा. पुढें नकाशा काढणाऱ्यास तोच पहिला नकाशा होय.

तिसरी गोष्ट प्रथमोपचाराची. तालांत चालणारी धडधड थांबविण्याची एक साधी रीत सन २०१५ मध्यें इंग्लंडांत कसास लावून पाहिली गेली. अर्धवट बसून, तोंड मिटून पंधरा सेकंद जोर करावा, आणि लगेच उताणें निजून दुसऱ्याकडून पाय पंचेचाळीस अंश उचलून धरवावे. ह्या रीतीनें शंभरांत त्रेचाळीस जणांची धडधड थांबली. नुसता जोर केल्यानें सतरा जणांचीच. ही रीत आपल्या डॉक्टरांकडून एकदां शिकून घ्यावी. मात्र गळ्याची शीर दाबण्याचा प्रयोग घरीं करूं नये, आणि शेजारच्या काकूंस लागू पडलेली गोळीही देऊं नये. वुल्फ आदींच्या विकारांत कांहीं नेहमींचीं औषधेंही घातक ठरतात.

चौथी, धडधडीबरोबर शुद्ध गेली, छातींत कळ आली, दम लागला, किंवा घराण्यांत कोणी तरुणपणीं अवचित गेलें असेल, तर क्षणाचाही विलंब न लावतां रुग्णालय गांठावें. जन्मजात तंतू असलेल्या माणसाच्या वरच्या कप्प्यांत थरथर सुरू झाली, तर चौकीचा अडसर नसल्यानें ती सारी खालीं उतरून क्वचित् प्राणावर बेतते.

राहिली एक गोष्ट, ती पैशांची नाहीं आणि विद्येचीही नाहीं. अविवाहित मुलीस असा विकार असला कीं तो लपविण्याकडे आमच्या घराण्यांचा कल असतो. सुनेस असला तर तो तिच्या माहेरच्या पदरीं टाकण्याकडे. दोन्हींत वर्षें जातात, आणि तीं वर्षें तिचीं असतात. जो दोष बहुतेकांत एक-दोन दिवसांच्या रुग्णालयवासांत नाहींसा होऊं शकतो, तो झांकण्यांत शहाणपण तें कोणतें?

पूर आला म्हणून सांगलीच्या पुलास कोणी दोष देत नाहीं. वर कोठें पाऊस झाला हें विचारतो. तितकाच न्याय आपण आपल्या घरांतील माणसास द्यावा. पुढच्या वेळीं सूनबाई भिंतीशीं टेकून बसली, तर "घाबरूं नकोस" असें म्हणून उठण्यापूर्वीं तिचें मनगट हातीं घ्यावें, घड्याळाकडे पाहावें, आणि गाडी काढण्यास सांगावें.